नाकावरचा पांढरा ठिपका

शिथांग बंदर, वेनलिंग
दि. २१ सप्टेंबर १९९३

ती. पेईचनताईस,
चिनश्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मागच्या मुक्कामी हुकलं आणि या मुक्कामी माझ्या आधी येऊन बसलं. पुजाऱ्याने ते उदबत्तीच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं, त्यामुळे तुझ्या सुनेच्या तक्रारींनासुद्धा देवळाचा वास येत होता. वाचून हसले. हल्ली हसलं की खोकला येतो, म्हणून बेतानेच हसले.

इथे समुद्रदेवीच्या देवळात पाच दिवस खेळ लागलेत, दुपारी एक आणि दिवेलागणीला एक. मंडळाच्या पेट्या ट्रॅक्टरवरून आल्या आणि आम्हीही त्याच पेट्यांवर बसून आलो. रस्ता असा की माझी कंबर अजून त्या ट्रॅक्टरवरच आहे असं वाटतं. झोपायला देवळाची बाजूची पडवी आणि खाली भाताचं काड. पोरी काडावर पडल्या की मेल्यासारख्या झोपतात. मी पडते आणि छताच्या वाशांकडे बघत राहते.

काल मासे वाळत घालणारी एक म्हातारी सरळ रंगपटात शिरली आणि मला विचारू लागली, तुमची बायको कुठाय म्हणून. मी म्हटलं, बायको हांगचौला मुलाकडे गेली नातू सांभाळायला, तीन वर्षं झाली. त्यावर मलाच रागावली. असा कसा नवरा, जाऊ कशी दिलीत म्हणाली. मग माझी वेणी बघून तिला आठवलं असावं, की आमच्या मंडळात नवरे, सासरे, राजे, चोर सगळ्या बायकाच. तरी जाता जाता सांगून गेलीच, की भांडण झालं असेल तर आपण होऊन माफी मागा. तेव्हा माफ कर बाई, कशाबद्दल ते तूच ठरव.

'अर्धी फणी'ला अजून गर्दी होते. पण ताई, शेवटच्या प्रवेशातला तो सूर आता मला लागत नाही. घाटावर बायको फणी मोडून अर्धी नवऱ्याच्या हातात देते, तो होडीत बसतो, आणि होडी सुटताना तो वरचा सूर धरायचा असतो, तिथे माझा आवाज जिना चढणाऱ्या म्हातारीसारखा मध्येच टेकतो. तू होतीस तेव्हा नेमक्या त्याच जागी असा काही हुंदका फोडायचीस की माझा तुटलेला सूर त्याखाली कुणाला दिसायचाच नाही. मी उगाच म्हणायचे, तुझं रडणं जरा जास्तच मोठं आहे. आता जी नवी बायको मिळाली आहे ती दिसायला चंद्रासारखी, पण रडते रुमालात. आवाज म्हणून नाही. असल्या रडण्याचा नवऱ्याला काय उपयोग?

बाकी मंडळी ठीक. ग्वेई आजी सत्तरीच्या झाल्या, तरी सोंगाड्याचं काम तेवढंच झोकात करतात आणि हक्काने वाटेल त्या पेटीवर बसतात. परवा शाओयान म्हणून एक पोर माझ्या हाताखाली नवऱ्याचं काम शिकते, तिने आजींच्या आधी रंगाचा कुंचला उचलला. ढोलवाल्या मास्तरांनी टिपरीच हाणली हातावर. सोंगाड्याने नाकाला पांढरं लावल्याशिवाय कुणी तोंड रंगवायचं नाही, आणि जो पहिलं पांढरं लावील तोच वर्षाअखेर पेट्या बंद होईपर्यंत सोंगाड्या, तुला नाचायचंय का नाकाला पांढरं लावून, असं म्हणाले. पोरगी रडकुंडीला आली. आपल्याला बारा-तेराव्या वर्षी मास्तरीणबाईंनी हेच पहिलं शिकवलं होतं, ते आठवलं.

एक काम आहे. थोडा चांगला कापूस पाठव. उशी पार चपटी झाली आहे. इथल्या बाजारात मिळतो तो नुसता भुसा.

या वर्षी पेट्या बंद झाल्या की मी कायमची तुझ्याकडे येते. दर वर्षी म्हणते हे मलाही माहीत आहे. या वर्षी खरंच थकले गं.

लोभ आहे तेवढा पुरतो, पण वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी,
चिनश्या


हांगचौ
दि. ४ ऑक्टोबर १९९३

श्री. यजमानांस शि. सा. न. वि. वि., आणि धाकट्या आतेबहिणीस अ. उ. आ. यातलं जे सोसवेल ते घ्यावं.

तुमची माफी पोचली. कशाबद्दल ते मी ठरवलं आहे. तीन वर्षं 'येते, येते' म्हणून मला खाट अडवून ठेवायला लावलीत त्याबद्दल.

त्या खाटेवरून घरात रोज रणकंदन चालू आहे. सूनबाईंना तिथे शिवणयंत्र ठेवायचंय. खिडकीखालची जागा, उजेड छान, असं मला ऐकू जाईल अशा बेताने मुलाला सांगत असते. मुलगा बिचारा दोघींच्या मध्ये. मी खाटेवर रोज स्वच्छ चादर घालते आणि नातवाला, तौतौला, त्यावर उड्या मारू देत नाही. त्याने विचारलं, कुणाची खाट? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याची. आजोबा तर फोटोत आहेत, असं म्हणून तो फोटोकडे बघत राहिला. आता शेजारणींना सांगत सुटलाय की आजीला दोन नवरे. जिन्यावरून मान खाली घालून उतरावं लागतं मला.

आता मोठी बहीण म्हणून बोलते, ते नीट ऐक. सूर लागत नसेल तर उतर खाली. लोकांनी सांगायची वाट बघू नकोस. आपल्या वेळच्या त्या थोरल्या बाईंचं काय झालं ते आपण दोघींनी विंगेतून पाहिलंय. आवाज गेला तरी राजकन्या सोडवेना, आणि शेवटी प्रेक्षक समोर बसून टरबुजाच्या बिया फोडत गप्पा मारायला लागले. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठून गेलं नाही, नुसत्या गप्पा मारत बसले. त्या रात्री बाईंचा रंग उतरवायला कुणी जवळ जाईना. तुझं तसं झालेलं मला ऐकवणार नाही.

आणि ही शाओयान कोण, कुठली? नवऱ्याचं काम कुणी शिकलं की आधी त्याची नजर नवऱ्याच्या त्या उंच तळाच्या बुटांवर जाते. सांभाळून राहा.

कापूस पाठवते आहे. माझ्या लग्नातली रजई उसवली. वरचं तांबडं कापड कधी काळी धुताना उतरलं होतं, म्हणून कापूस जरा गुलाबी आहे. उशीत कुणाला दिसतोय! कान झाकून झोपत जा, वाशांकडे बघत पडू नकोस.

येणार असलीस तर लोभ ठेवीन, नाही तर तोही सूनबाईच्या यंत्राखाली जाईल.

तुझी,
पेईचन


युहुआन बेट
दि. २७ ऑक्टोबर १९९३

ती. पेईचनताईस सा. न. वि. वि.

कापूस मिळाला. किती मऊ गं! हुंगून पाहिला, तर तुझ्या जुन्या घरातल्या कपाटाचा वास आला. उगाच डोळ्यांत पाणी आलं.

थोडक्यात लिहिते, कारण बोटं आखडलीत. परवा तो सूर फुटला. टेकला नाही, फुटलाच. पुढच्या बाकावर एक पोर खुदकन हसलं. आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. ताई, पोर हसल्याचं काही नाही, पण आईने हात ठेवला ना, ते मला लागलं. म्हणजे कळलं होतं सगळ्यांना. आणि मला वाईट वाटू नये म्हणून जपत होते.

आपल्या मंडळाच्या मालकीणबाईंना, बाओबाईंना म्हटलं, मला मोकळं करा, शाओयानला नवरा द्या. तशा उसळल्याच. गावं तुझं नाव सांगून खेळ ठरवतात, म्हणाल्या. ही काल आलेली पोर उभी केली तर देवळाचे पंच मला जाब विचारायला उभी करतील. शिवाय तिचे पाय पाहिलेस का? तुझ्या बुटांत ती पहिल्याच पायरीला तोंडावर पडेल. आधी पाय वाढव म्हणावं. नवे बूट करायचे तर ते करणारा म्हातारा राहिला नाही. विषय संपला.

पाय खरंच चिमणीसारखे आहेत तिचे. मला आठवतं, मास्तरीणबाईंनी आपल्याला रांगेत उभं करून फक्त पाय पाहिले होते. तुझे लहान, तू बायको. माझे होडीएवढे, मी नवरा. तेवढ्यावर आयुष्य ठरलं. मधे नाटकांवर बंदी आली, आपण रेशमाच्या कारखान्यात उकळत्या पाण्यातून धागे काढत होतो, तेव्हासुद्धा मुकादम आपल्याला नवरा-बायकोच म्हणायचा. माझं खरं लग्न तीन वर्षं टिकलं नाही, आणि हे मात्र सुटता सुटत नाही.

शाओयानबद्दल तू उगाच कावतेस. चांगली पोर आहे. सूर असा लावते की ऐकताना मला बरंही वाटतं आणि उठून जावंसंही वाटतं. पण ती कधी माझी जागा मागायची नाही. मी नुसती बाजूला झाले तरी लोक तिलाच बोल लावतील, की हिने म्हातारीला ढकललं. असं करून चालायचं नाही.

ग्वेई आजींचा हात हल्ली कापतो. ठिपका नाकावर लावायचा तो कधीकधी गालावर जातो. पोरी हसतात, आजीही हसतात.

माझ्या वाट्याचा लोभ यंत्राखाली घालू नकोस, उशाशी ठेव.

तुझी,
चिनश्या


दाचन गाव
दि. १७ नोव्हेंबर १९९३

ती. पेईचनताईस सा. न. वि. वि.

ताई, माझ्या हातून एक चूक झाली आहे. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

सोमवारी सकाळी ग्वेई आजी पेज पिता पिता एका अंगावर कलल्या. वाडगा सुटला, तोंड वाकडं झालं. भाचा टेम्पो घेऊन आला आणि त्यांना गावी घेऊन गेला. टेम्पोत घालताना बऱ्या हाताने काहीतरी मागत होत्या. बाओबाईंना वाटलं पाणी. मला कळलं, कुंचला मागतायत. पण मी बोलले नाही. आजारी माणसाच्या हातात कुंचला देऊन काय करायचं? आता वाटतं, द्यायला हवा होता.

दुपारी 'अर्धी फणी' ठरलेली. देवळाचं अंगण माणसांनी फुललेलं. आणि रंगपटात आम्ही सगळ्याजणी कोऱ्या तोंडांनी बसलेल्या. रंग कालवून ठेवलेले ते वाळायला लागले, पण हात लावायला कुणी धजेना. बाओबाई ओरडल्या, की हे जुने चोचले पुरे झाले, रंगा तोंडं. तर ढोलवाले मास्तर हाताची घडी घालून बसले. देवाच्या दारात सोंगाड्याशिवाय मी ढोल वाजवणार नाही, तुम्हीच वाजवा, म्हणाले. बाहेर पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. पंचांपैकी एक जण येऊन डोकावून गेला.

मला आला वैताग. उठले, कुंचला उचलला, माझ्या नाकावर पांढरा ठिपका ओढला आणि म्हटलं, झालं एकदाचं, लागा आता कामाला. मनात एवढंच, की नियम पुरा करावा, मग ओल्या फडक्याने पुसून आपला नवऱ्याचा रंग चढवावा. फडकं हातात घेतलं, तर मास्तरांनी माझं मनगट धरलं. लावलंस ना, म्हणाले, मग आता पेट्या बंद होईपर्यंत तूच. मी म्हटलं, अहो, मी नवरा आहे. ते म्हणाले, होतीस.

बाओबाई तोंड उघडून उभ्या. पण बाहेर लोक खवळलेले, वाद घालायला वेळ कुठे होता? शाओयानला नवऱ्याचं अख्खं काम पाठ आहे हे सगळ्यांना माहीत. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. मीच तिला झगा चढवला, मीच तिच्या पायांत बूट घातले, पट्टा आवळला, आणि मास्तरांचा ढोल सुरू झाला.

मग मी कोण झाले माहीत आहे? होडीवाला. तोच, जो घाटावर त्या दोघांना म्हणतो, आटपा की हो, भरती ओसरेल, घरी माझी बायकोही वाट बघतेय. इतकी वर्षं त्या होडीत मी रडत बसायचे, आता वल्हं माझ्या हातात. पहिलं वाक्य बोलले आणि लोक हसले. वाटलं, हसले मला. मग लक्षात आलं, की हसण्यासाठीच तर उभी केली आहे.

शाओयानचा सूर लागला. सरळ वर गेला आणि राहिला. मी पाठमोरी वल्हं मारत होते, ते बरंच झालं.

रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
चिनश्या


हांगचौ
दि. २५ नोव्हेंबर १९९३

चिनश्या,

नमस्कार-बिमस्कार काही नाही. मी रागावले आहे.

चूक? बारा वर्षांची असल्यापासून रंगपटात वाढलीस, आणि तुला ठाऊक नव्हतं, पहिल्या पांढऱ्याने काय होतं? अगं, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं ते. सप्टेंबरात तूच मला लिहिलं होतंस, त्या पोरीला कशी टिपरी बसली ते. आणि दोन महिन्यांत विसरलीस? म्हातारपण आलंय की वेड लागलंय?

तुझी तलवार, तुझी टोपी, तुझा तो निळा झगा. तुला बघायला पोरी आदल्या गावापासून मागे चालत यायच्या. एकीने तर आईला सांगितलं होतं, लग्न करीन तर याच्याशीच. आणि आता नाकाला पांढरं लावून लोकांना हसवतेस? मी सूनबाईसमोर रडले, जी मी कधी रडत नाही. तिने तेव्हापासून यंत्राचा विषय काढलेला नाही, यावरून समज.

हे त्या शाओयानचंच काम आहे. मला कुणी सांगायला नको. बूट बरे बसले तिला! बाओबाई तर म्हणत होत्या, पडेल.

ताबडतोब निघून ये. मास्तरांचा नियम मास्तरांपाशी. हांगचौला कुणी ढोल घेऊन तुझ्या मागे येणार नाही. चादर बदलून ठेवली आहे.

लोभाचं नंतर बघू.

पेईचन


श्यानज्यू, डोंगरातलं एक गाव, नाव लिहिता येत नाही
दि. ६ जानेवारी १९९४

ती. पेईचनताईस,
रागावलेल्या बायकोस आणि रागावलेल्या बहिणीस मिळून एकच सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. बर्फ पडलं, रस्ता बंद होता. देवळात आम्ही सगळ्याजणी एका शेगडीभोवती रताळी भाजत बसलो होतो. पोरी मला मधोमध बसवतात. आजींची जागा आता माझी. शिवाय कुठल्याही पेटीवर बसायचा हक्क. इतकी वर्षं नवऱ्याच्या पेटीवर ताठ बसून पाठ मोडली, आता जिथे दिसेल तिथे बूड टेकते. ताई, मोठ्या पदापेक्षा हे सुख मोठं आहे.

बाकी थकवा तोच. सोंगाड्याला पळावं लागतं, पडावं लागतं. परवा पडताना खरीच पडले. लोकांना वाटलं कामातच आहे, टाळ्या वाजवल्या, मग मला पुन्हा तसंच पडावं लागलं. गुडघा सुजलाय. आवाज लागत नाही याची मात्र आता चिंता नाही. फाटका आवाज होडीवाल्याला शोभतो. लोक म्हणतात, हा होडीवाला खरा वाटतो.

एक सांगते, हसू नकोस. रोज दुपारी सगळ्याजणी कोऱ्या तोंडांनी माझ्याकडे बघत बसतात. मी चहा पिते, तोंड पुसते, आरसा पुसते. शाओयान, तुझ्या जागी आलेली ती चंद्रमुखी, बाओबाईंची पुतणी, सगळ्या थांबलेल्या. मग मी कुंचला उचलते, ठिपका लावते, आणि एकदम रंगपट जागा होतो, सगळे हात डब्यांकडे जातात. नवरा होते तेव्हा माझ्यासाठी कुणी कधी थांबलं नव्हतं. मीच आजींसाठी थांबायचे, आणि मनात चरफडायचे, की उचला की हो आजी एकदाचा. आजी मुद्दाम वेळ लावत होत्या, हे आता कळलं.

ग्वेई आजींचा भाचा परवा भेटला. आजी आहेत, बोलता येत नाही. माझं नाव सांगितलं तर म्हणे नाकावर बोट ठेवून हसल्या.

शाओयानला बोलू नकोस. तिचा काही दोष नाही. चूक माझी होती, आणि ती झाली.

आता मुख्य गोष्ट. शेवटचा खेळ शिथांगलाच आहे, २९ जानेवारीला, आपलं चांद्रवर्ष संपायच्या आधी. त्यानंतर पेट्या बंद. तुला आठवतंच, त्या दिवशी कामांची उलटापालट करायची गंमत असते. बाओबाईंनी विचारलंय, पेईचन येईल का? म्हणतात, बायकोला नवरा करू आणि नवऱ्याला बायको. तू माझे बूट घाल, मी तुझी फणी मोडते. ये ना. ती मासेवाली म्हातारी जिवंत आहे, तिची समजूत पटेल की आपलं भांडण मिटलं.

माझा कुंचलाही त्याच दिवशी बाओबाईंकडे परत करायचा. मग मी मोकळी.

लोभ रागाबरोबर वाहून गेला नसेल तर येताना घेऊन ये.

तुझी,
चिनश्या


हांगचौ
दि. ४ फेब्रुवारी १९९४

श्री. यजमानांस, आता तरी खरोखरच, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये अख्खा प्रवास लोक माझ्याकडे बघून हसत होते. वाटलं, कलाकार ओळखू येतो. घरी तौतौने दार उघडलं आणि ओरडला, आजीच्या नाकाला चुना. निरोप देताना गळ्यात पडलीस तेव्हा लावलास ना? या वयात हे धंदे! धुतला नाही लगेच. दुसऱ्या दिवशी आपोआप गेला.

घरातल्यांना सगळं सांगितलं. तुला बायकोच्या कपड्यांत बघून अंगण कसं कोसळलं, तुझी पावलं रुंद घाटावरसुद्धा मावत नव्हती, मी टोपी सावरत वाकले तर टोपीच पडली, सगळं. सुनेने हसता हसता डोळे पुसले. शेवटच्या सुराचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

मला तो सूर कधीच येत नव्हता, तुला माहीत आहे. होडीत बसून तोंड उघडलं तर नुसती हवा आली. लोक हसायच्या बेतात होते. आणि तू घाटावरून हुंदका फोडलास. मी तुला ते रडणं शिकवलं नव्हतं. माझं रडणं मापाचं असायचं, सूर झाकण्यापुरतं. तुझं थांबेचना. होडी सुटली, पडदा ओढला, मास्तरांनी ढोल थांबवला, तरी तू फणीचा तुकडा मुठीत धरून तिथेच. अंगणात एकसुद्धा माणूस हसत नव्हतं. मासेवाली म्हातारी पुढे होती. नंतर मला म्हणाली, बघ, किती जीव आहे नवऱ्याचा तुझ्यावर. बिचारीने मनात त्या दिवशीही आपली अदलाबदल केलीच नव्हती.

आता बुटांचं. मी शाओयानशी आकसाने वागले, ते तू पाहिलंस. रंगपटात ती वाकून माझ्या पायांत बूट चढवत होती तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, आत काहीतरी बोचकं भरलंय, काढ ते. ती घाबरून म्हणाली, काढता नाही येणार मावशी, आतून शिवलंय. मी हात घालून चाचपलं. टाचेला आणि पुढे चवड्याला कापडाच्या पिशव्या, कडेने बारीक टाके, तेही वाकडे. असे वाकडे टाके या जगात एकच बाई घालते. एक टाका उसवला, तर आतून गुलाबी कापूस.

मी तिला विचारलं, हे कधी केलं? तर ती म्हणाली, मावशी, पहिल्याच दिवशी बूट असे होते. मी इतकी घाबरले होते, आत पाय गेला आणि नेमका बसला, तेव्हा मला वाटलं देवीने केलं.

चिनश्या, नाकाला ठिपका लावून वैतागाने फडकं उचलेपर्यंत किती वेळ गेला होता? तेवढ्यात तू दोन्ही बूट आतून शिवलेस? सप्टेंबरात मागितलेला कापूस! उशी चपटी झाली म्हणे! मी माझ्या लग्नाची रजई उसवली, आणि तू ती त्या पोरीच्या पायाखाली घातलीस.

तेव्हा चूक हा शब्द मला पुन्हा लिहू नकोस. बाओबाई ऐकेनात, आपण होऊन उतरलीस तर लोक पोरीला बोलणार, आणि 'मला आता झेपत नाही' एवढं सांगायला तुझी जीभ वळणार नाही. म्हणून चूक केलीस. मास्तरांनासुद्धा ठाऊक होतं असं मला वाटतं. मनगट धरलं ते फार जोरात नसणार.

शाओयानला मी काही सांगितलेलं नाही. देवीने केलं म्हणते, तर तसंच राहू दे. टाका मी पुन्हा घातला, माझ्या हातचा, सरळ. आणि येताना तिला पोटाशी धरलं. का ते तिला कळलं नसेल.

मी आणखी एक पाहिलं. पेट्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांनी आपापली सामग्री बाओबाईंच्या हातात दिली. तू कुंचला धुतलास, फडक्याने टिपलास, आणि बाओबाई हात पुढे करून उभ्या असताना सरळ आपल्या बाहीत सरकवलास. त्यांनी हात मागे घेतला. मीही पलीकडे बघितलं.

तेव्हा आता 'पेट्या बंद झाल्या की येते' असं पुढच्या पत्रात लिहायचे कष्ट घेऊ नकोस. गुडघ्याला लावायचं तेल पाठवते आहे. कापूस मागशील तर आधी खरं कारण लिही.

सूनबाईला सांगितलं, यंत्र आण, खिडकीखाली ठेव. ती म्हणाली, आणि खाट? खाट मी विकली नाही. उभी करून भिंतीला लावली आहे, चादर वरून दुमडून ठेवली आहे. थकलीस की नुसतं कळव. आडवी करायला मला किती वेळ लागतो!

लोभ तुझ्याचपाशी ठेवून आले आहे, शोधलास तर बुटात सापडेल.

तुझीच बायको,
पेईचन